दोनशे अठ्ठ्याण्णव फुगे

“वाच मोठ्याने,” ढापणी म्हणाली. “नाही, नको वाचूस. बरं, वाच.”

लंबूने पेपर पुन्हा उघडला. “‘बालवाचकांचा कौल: गोष्टी नकोत, कोडी नकोत, बाजारभाव द्या. तीनशे बारा मुलांच्या मताचा मान राखून आम्ही रविवारचं मुलांचं पान बंद करत आहोत.’”

पलीकडे आत्याने चहाचा कप ओठांपर्यंत नेला आणि न पिताच खाली ठेवला. मुलांचं पान गेली अकरा वर्षं तीच काढत होती. सोमवारपासून ती ‘हरवले-सापडले’च्या टेबलावर बसणार होती. “चालायचंच,” ती म्हणाली. मोठी माणसं जेव्हा ‘चालायचंच’ म्हणतात तेव्हा काहीच चालत नसतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती पाहणी या तिघांनीच केली होती! ढापणी, तिची सात वर्षांची बहीण शेपूट (ताईच्या मागे सतत लोंबकळणारी, म्हणून शेपूट) आणि आत्याचा मुलगा लंबू. सुट्टी लागल्याबरोबर संपादकांनीच त्यांच्या हातात फॉर्मचा गठ्ठा ठेवला होता. मुलांना आपल्या पेपरात काय हवंय ते विचारून या, म्हणाले होते. फॉर्मवर गोष्ट, कोडी, चित्रं, प्रयोग, खेळ, बाजारभाव अशी यादी होती. यादीचं करायचं काय, ते लिहायला मात्र साहेब विसरले होते. मग मुलांनीच युक्ती काढली. मैदानावर, वाचनालयात, पोहण्याच्या तलावावर, केस कापायच्या दुकानातल्या बाकावर, जिथे मूल दिसेल तिथे तिघं जायची आणि सांगायची, “तुला जे हवं त्याला फुगा काढ. दोरीसकट.”

“बाजारभावाला फुगा एकानेच काढला होता,” लंबू म्हणाला. “तो किराणा दुकानदाराचा मुलगा. तोही चुकून.”

“मग हे आलं कुठून?” ढापणीने चष्मा पुसला. तिला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. “आपणच आत्याचं पान बंद केलं रे.”

दहा वाजता तिघं पेपरच्या कचेरीत हजर झाली. संपादकांच्या एका कानाला फोन होता, दुसरा टेबलावर वाजत होता.

“साहेब, आकडे चुकलेत,” ढापणी म्हणाली.

“पाहणी तुमची, फॉर्म तुमचे. आम्ही तुमचा मान राखला तर तुम्हीच भांडायला आलात? रविवारची पानं आज बारा वाजता मशीनवर चढतात, बाळ. मला वेळ नाही.”

“पण मोजले कुणी?”

“ज्यांच्या हातून तीस वर्षांत एक चूक झाली नाही, त्यांनी,” असं म्हणून साहेबांनी दुसरा फोन उचलला.

म्हणजे चुकाकाका. छापायच्या आधी प्रत्येक पान वाचून त्यातल्या चुका शोधायच्या हे त्यांचं काम. म्हणून सगळं ऑफिस त्यांना चुकाकाका म्हणे. ते जिन्याखालच्या खोलीत, लाल पेन्सिलींच्या डब्याशेजारी बसत.

“माझी मोजणी चुकली?” त्यांचा आवाज चिरकला. “तीनदा मोजलंय मी. हा घ्या गठ्ठा. मोजा.”

तिघं जमिनीवर बसली. घड्याळात साडेदहा, मग अकरा, मग सव्वाअकरा झाले. ढापणीची बोटं शाईने काळी झाली.

“गोष्ट किती जणांनी काढलीय?” चुकाकाकांनी विचारलं.

“दोनशे अठ्ठ्याण्णव.”

“माझ्याकडेही दोनशे अठ्ठ्याण्णव. बाजारभाव?”

“एक.”

“माझ्याकडेही एक. मग तक्रार कसली?”

लंबूने ढापणीकडे पाहिलं. आकडा न् आकडा जुळत होता. “मग उलटं का छापलं?” त्याने विचारलं.

“उलटं? मुलांनी जे काढलं, ते आम्ही काढलं. सरळ तर आहे.”

भांडायलाही समोरचा चुकलेला लागतो, आणि इथे तर कुणीच चुकलेलं नव्हतं. ढापणी गठ्ठ्याला दोरी बांधू लागली, पण गाठ काही बसेना. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

इतका वेळ शेपटीला कुणी विचारलंच नव्हतं. तिने एक लाल पेन्सिल लांबवली होती. टेबलावरच्या छापील कागदावर हत्तीची बातमी होती. तिला हत्ती आवडतो, म्हणून तिने त्या बातमीभोवती ऐसपैस फुगा ओढला. दोरीसकट.

“अगं बाई! अख्खी बातमी काढलीस की!” चुकाकाका ओरडले.

“मी कुठे बातमी काढली?” शेपटीने ओठ काढला. “मी फुगा काढला.”

“हा फुगा नाही. आमच्याकडे या खुणेचा अर्थ मजकूर काढून टाका. गोल आणि त्याला शेपटी. तीस वर्षं मी हीच खूण करतो...”

ते थांबले. त्यांनी गठ्ठ्यातला वरचा फॉर्म उचलला, मग दुसरा, मग तिसरा. सगळीकडे फुगे होते. गोष्टीला, कोड्यांना, चित्रांना.

“म्हणजे हे पोरांना नको नव्हतं,” ते हळूच म्हणाले.

“हवं होतं,” ढापणी म्हणाली.

चुकाकाका जिना चढून धावले. मागे लंबू, ढापणी आणि अर्थात शेपूट. तरी व्हायचं तेच झालं. साहेबांचा फोन संपेपर्यंत बाराला पाच कमी होते, त्यांना समजेपर्यंत बारा वाजून गेले आणि खालून मशीनची धडधड सुरू झाली. त्या आवाजापुढे कुणाचंच काही चालत नाही, संपादकांचंसुद्धा.

रविवारी मुलांच्या पानाच्या जागी कांद्याचे भाव आले. आत्याने ते पान घडी करून ठेवलं. दिवसभर घरात कुणी कुणाला चिडवलं नाही. या घरात असं कधी होत नसे.

बुधवारी साहेब स्वतः घरी आले. “पाहणी तुम्ही चोख केलीत,” ते म्हणाले. “वाचायला आम्ही चुकलो. आणि फॉर्मवर सूचना लिहायला मी विसरलो.” मग आत्याकडे वळून म्हणाले, “पान तुमचंच आहे. याल ना?” आत्या चहा ठेवायला उठली. त्या दिवशी तिने कप संपवला.

शुक्रवारी तिने नव्या पानाचा कच्चा छाप घरी आणला. लंबूने तो उलगडला आणि त्याचा चेहराच पडला. पहिल्या गोष्टीभोवती लाल फुगा होता. दोरीसकट.

“काढली,” तो पुटपुटला. “आई, गोष्ट काढली.”

ढापणीने चष्मा सावरून कागद जवळ घेतला. फुग्याच्या दोरीला लागून लाल पेन्सिलीने सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘हा तुमच्याकडचा फुगा.’