आधी तंग सोडायचा

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत घडलेली. काका थापा मारणाऱ्यांतले नाहीत. आणि थापा मारायला जी उमेद लागते, ती तेव्हा त्यांच्यात उरलेलीही नव्हती.

थंडीचे दिवस होते. वेळ तिन्हीसांजेची. जागा म्हणजे गोऱ्या साहेबांच्या काळातल्या एका घोडदळाची जुनी पागा.

पागेत आता घोडे नव्हते. तिथे संग्रहालय होणार होतं आणि जुनी खोगिरं दुरुस्त करायला काकांना बोलावलं होतं. काका चामड्याचं काम करायचे. गुडघे कुरकुरत होते, पाठ धरलेली होती. घरी काकू अंथरुणाला खिळलेली, एक अंग लुळं पडलेलं. तिचं सगळं उरकून काका कामावर यायचे आणि कामावरून पुन्हा त्याच चरकात जायचे.

काकू एकदा खाटेवरून घसरून पडली होती. तेव्हापासून बाहेर जाताना काका तिच्या पोटावरून रुंद पट्टा घेऊन तो खाटेला आवळत. पट्टा त्यांनी स्वतःच शिवला होता. काकू कधी तक्रार करायची नाही.

तेच काकांना जास्त लागायचं.

संग्रहालयाच्या बाईंनी त्यांना त्या रिसाल्याचा, म्हणजे घोडदळाच्या पथकाचा, इतिहास सांगितला होता. प्रत्येक स्वार शिलेदार, म्हणजे घोडा स्वतःचा, घरचा. महायुद्धात अख्खा रिसाला जहाजातून परमुलखात गेला. युद्ध संपलं आणि हुकूम आला, जहाजात फक्त माणसांपुरती जागा आहे. घोडे तिथेच सोडून निघा. पुढे त्या घोड्यांचं काय झालं, ते बाई बोलल्या नाहीत. स्वार जहाजातून उतरले आणि खोगिरं खांद्यावर टाकून पायी पागेत परतले.

तीच ही खोगिरं.

भिंतीवर रिसाल्याचा नियम रंगवलेला होता. अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती.

आधी तंग सोडायचा. मग पाणी दाखवायचं. मग आपण बसायचं.

तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा. खोगिरं लाकडी घोड्यांवर चढवली होती, आणि लोंबते तंग बरे दिसत नाहीत, घट्ट आवळा, असं बाई म्हणाल्या. काकांनी आवळले.

सकाळी येऊन पाहतात तर...

सगळे तंग सुटलेले.

कुणी ओढाताण केलेली नव्हती. बकलं नीट काढून पट्टे वर टाकले होते. रोजचं काम असल्यासारखं.

पागेच्या पहारेकऱ्याला सगळे भोंगा म्हणत. त्याचा आवाजच तसा होता. त्याने पोराबाळांची शपथ घेतली, आपण हात लावला नाही म्हणून. काकांनी पुन्हा तंग आवळले. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. शिवाय घोड्यांना पाणी पाजायची पागेतली दगडी डोणी, जिच्यात वर्षानुवर्षं थेंब पडला नव्हता...

ती आतून ओली होती.

भोंगाने त्या दिवसापासून आवाज खाली आणला.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी काकांना गळ घातली, तंग पुन्हा आवळा आणि मी कुलूप घेऊन येईपर्यंत थांबा. काका हो म्हणाले. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. ते एका पेटीवर टेकले आणि त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती बुटांच्या आवाजाने.

खूप बूट. सावकाश, फरफटत येणारे. खूप लांबून चालत आल्यासारखे.

एकही टाप नाही...

काकांना मान वळवता येईना. मागे एक बकल सुटलं. मग दुसरं. मग ओळीने सगळी. डोणीत पाणी पडल्याचा आवाज झाला. नंतर बराच वेळ काहीच नाही. कुणाच्या तरी पिण्याची वाट पाहत सगळे थांबले होते.

पण प्यायला कोणीच आलं नाही.

मग बुटांचा एक जोड काकांच्या पाठीशी येऊन उभा राहिला. घोड्याच्या घामाचा वास आला. आणि अगदी थकलेल्या आवाजात कुणीतरी विचारलं,

"तू बसलास. तुझ्या घरी कुणाला आवळून ठेवलंयस का रे?"

काकांनी मान डोलावली. खोटं बोलणं त्यांना सुचलंच नाही.

बूट निघून गेले.

काका तसेच उठले. गुडघ्यांची पर्वा न करता घर गाठलं. दाराला कुलूप होतं. सकाळी त्यांनीच लावलेलं, आणि किल्ली त्यांच्याच खिशात.

आत काकू शांत पडली होती. पट्टा सुटलेला... बकल काढून खाटेच्या कठड्यावर नीट टाकलेला. उशाशी रिकामा पेला.

"तुम्ही पाठवलेला माणूस येऊन गेला," काकू म्हणाली. "पट्टा सोडला, पाणी पाजलं. फार दमला होता हो. मी म्हटलं, जरा बसा. तर म्हणाला, कसा बसू? माझी घोडी अजून तिकडेच उभी आहे. तिला पाणी दाखवायचं राहिलं."

काका खाटेची कड धरून रडले. त्या दिवसानंतर त्यांनी काकूला कधी बांधलं नाही. काम घरी आणून तिच्या शेजारी बसून करू लागले. बाहेर गेलेच, तर परत आल्यावर तिला पाणी पाजल्याशिवाय टेकायचे नाहीत.

गेल्या थंडीत काकू गेली.

खाट अजून तिथेच आहे. पट्टा काकांनी टाकून दिला. तरी तिन्हीसांजेला जिन्यावर बूट वाजतात, असं ते सांगतात. सावकाश वर येतात आणि दाराशी थांबतात. आता इथे सोडवायला कुणी उरलेलं नाही, हे त्या स्वाराला सांगायला हवं, असं काकांना रोज वाटतं. पण दार उघडायचा धीर होत नाही.

मग काका एक पेला पाणी भरून उंबऱ्याशी ठेवतात आणि आवाज परत जाईपर्यंत उभे राहतात. मी कितीदा म्हटलं, काका, बसा जरा.

ते बसत नाहीत.