तिसऱ्या गाण्यातला धक्का

"ही तबकडी परत घ्या," ती म्हणाली. "अडकत नाही."

दुकानदार बघतच राहिला. आयुष्यभर गाण्यांच्या जुन्या तबकड्या विकूनही अशी तक्रार त्यानं ऐकली नव्हती. त्यातून ही समोरच्या चष्म्याच्या दुकानातली! हिची नजर पडावी म्हणून तो रोज दारातच धूळ झटकत बसायचा. परवा कुठे ती पहिल्यांदा आत आली, आणि आज लगेच व्यवहार मोडायला निघाली.

मग तिनं सगळं सांगितलं. एका जुन्या अमेरिकन रॉक बँडच्या गाजलेल्या गाण्यांची अशीच तबकडी तिच्या बाबांकडे होती. नदीची, मालगाड्यांची, घरी परतण्याची गाणी. तिनंच ती खिडकीत उन्हात विसरली आणि ती वाकडी झाली. तिसऱ्या गाण्यात सुई अडकायची. प्लेअरच्या टेबलाजवळ जो असेल त्यानं टेबलाला कमरेनं धक्का द्यायचा, हा घरचा नियम. ती तबकडी आता वाजेनाशी झाली म्हणून तिनं ही नेली, पण हिच्यावर ती जागा सरळ निघून जाते आणि बाबांचा चेहरा उतरतो.

"लावून तर बघू," तो म्हणाला. तेवढाच सहवास.

गिटार खणखणली, मागून ड्रमचा सावकाश ठेका... तिसरं गाणं आलं. ती डोळे मिटून गुणगुणत होती, तो तिच्याकडे बघत होता. ती जागा आली आणि सवयीनं तिनं काउंटरला असा धक्का दिला, की सुई खर्रकन घसरली. मग तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा.

ती कानकोंडी झाली. तबकडीवर बोट उमटलं तरी कावणारा तो मात्र हसत सुटला.

"आता अडकते की नाही?" मग त्याचा आवाज खाली आला. "म्हणजे... तुम्हाला परत यायला कारण उरलं नाही."

तिनं तबकडी सावकाश पाकिटात सरकवली. "रविवारी तुम्ही घरी या," ती म्हणाली.

रविवारी बाबा डोळे मिटून ऐकत होते. सुई अडकली. त्यांनी एक डोळा उघडला. "टेबलाजवळ कोण आहे?"

"मी," दुकानदार म्हणाला आणि त्यानं घाबरतच धक्का दिला. काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही.

ती शेजारी येऊन उभी राहिली. "एवढ्यानं भागत नाही," ती हळूच म्हणाली. "शिकायला नेहमी यावं लागेल..."

"येईन. तुम्ही आवडता मला."

"ठाऊक आहे. इतकी धूळ कुठल्याच दुकानात नसते."

दोघांनी मिळून धक्का दिला. गाणं पुढे सरकलं आणि बाबांनी डोळा पुन्हा मिटून घेतला.