खुडूक कोंबडी, निम्म्या वाट्याने

बारा पांढरी अंडी, भुशात.

तीन रविवारांनी देहूचे पाहुणे मला बघायला येणार.

छप्पन सालातल्या एका रविवारची दुपार. रस्त्याने एकटीच चालत घरी आलेली कोंबडी.

तिच्यामागे धापा टाकणारा एक माणूस. एका पायात चप्पल.

"माझी कोंबडी... इकडं आली का?"

"तुमची? ती आमची हाय!"

तो ज्योतीराम. साताऱ्याकडचा, पिंपरीला औषधांच्या कारखान्यात कामाला. कासारवाडीत आमच्या मळ्याला लागून जमिनीचा पट्टा भाड्याने घेऊन त्याने हौसेने विलायती कोंबड्या पाळल्या होत्या. त्या अंडी देत, पण उबवायला बसत नसत. म्हणून आबांनी, माझ्या वडलांनी, सकाळीच आमची खुडूक कोंबडी त्याला दिली होती. कोंबडी आमची, अंडी त्याची, पिल्लं निम्मी-निम्मी.

"खुडूक कोंबडी उन्हाची हलवत्यात व्हय? दिवेलागणीला न्यायची, फडक्याखाली झाकून."

"कारखान्यात हे शिकवत नाहीत हो."

"मग काय शिकवत्यात? पळायला?"

तो हसला. मी — मीसुद्धा.

त्या संध्याकाळी कोंबडी मीच नेऊन त्याच्या भुशातल्या बारा अंड्यांवर बसवली. पण ती त्याच्या हातून दाणा घेईना, चोचच मारी. मग रोज त्याची शिफ्ट सुटली की मी बांध ओलांडून जायची. दाणा घालायला. फक्त दाणा घालायला...

आठव्या दिवशी कागदाची नळी करून मी एक अंडं उतरत्या उन्हाला धरलं. तो वाकला. त्याचा श्वास माझ्या मनगटावर. आत बारीक लाल शिरा, आणि मधोमध हलणारा ठिपका.

"हे... जिवंत आहे?"

"हळू! ऐकू जातंय त्याला."

तो खरंच कुजबुजू लागला. येडा!

"पाहुणे येणार म्हणे."

"येणार."

"तुम्हाला — ते यायला हवेत?"

"मला कोण इचारतंय?"

"मी विचारतोय की."

"मग आबांना इचारा."

"आबांची भीती वाटते," तो म्हणाला. अजून कुजबुजतच.

तिसरा रविवार. आबा ओसरीवर दाढी करत बसलेले, अर्धा गाल साबणाने पांढरा. ज्योतीराम पाटी घेऊन आला. पाटीत कोंबडी, तिच्या पंखांखाली अकरा पिल्लं.

"सगळीच आणलीस? निम्मी तुझी न्हवं का?"

"आबा... मला रंभा द्याल का?"

वस्तरा थांबला.

"कोंबडीची पिल्लं देऊन पोरगी मागतोस?"

"नाही, नाही! पिल्लं वाटणीची. रंभा वेगळी मागतोय..."

आबांनी वस्तरा खाली ठेवला. मग दाराआडच्या माझ्याकडे वळले. पांढरा गाल हसू दाबत होता.

"रंभे, तुझं काय म्हणणं?"

विचारलं बाई कुणीतरी!

"देहूला निरोप धाडा, आबा," मी म्हणाले. "त्यांनी गाडी जुंपायच्या आत."

लग्नानंतर दोन वर्षांनी ज्योतीरामच्या नव्या हौसेपायी आम्ही मधमाश्यांची पहिली पेटी आणली; माश्या तिसऱ्या दिवशी उडून गेल्या, आणि हा पुन्हा त्यांच्यामागे, एका पायात चप्पल.