अकरा वाव

खारशेत बंदरात "आवाज तुटतोय" हे शब्द कोणी उच्चारले त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. पूर्वी रेडिओवर खरखर यायची, निम्मं बोलणं वाऱ्यावर जायचं आणि एकच गोष्ट चारदा ओरडून सांगावी लागायची, हे तिथल्या पोरांना खरं वाटत नसे. वीस मैलांवरच्या होडीतला माणूस आता ओसरीवर बसून बोलल्यासारखा ऐकू यायचा. ही सगळी करामत स्वरपूर्तीची होती.

स्वरपूर्तीची कल्पना तशी साधी आहे. ओळखीच्या माणसाचं पत्र फाटलं आणि मधले शब्द गेले, तरी आपण ते मनाने भरून वाचतो, कारण तो कसा लिहितो हे आपल्याला ठाऊक असतं. रेडिओच्या सेटमध्येही तसा ओळखीच्या माणसांचा स्वरठसा साठवलेला असे. त्यात त्यांचा आवाज होता, बोलण्याची ढब होती, आणि कुठल्या शब्दामागून ते बहुतेक कुठला शब्द वापरतात याचा वर्षानुवर्षांचा हिशेब होता. लहरीतून आवाज तुकड्या-तुकड्याने आला की सेट उरलेले तुकडे त्या ठशातून भरून काढी. भरलेलं कुठलं आणि आलेलं कुठलं हे कानाला कळत नसे. कळू नये, हेच तर त्याचं कौशल्य होतं.

कंपन्यांनी याची जाहिरात करताना एक गोष्ट बारीक अक्षरात छापली होती. बारीक अक्षरं कोण वाचतं?

बुधवारी सकाळी दहा वाजता मच्छीमार संस्थेच्या रेडिओच्या खोलीत डॉ. शमीम काझी प्रणाली पावसेचा स्कॅनर, म्हणजे होड्यांचं बोलणं नुसतं ऐकायचा छोटा रेडिओ, हातात घेऊन बसल्या होत्या. स्वरपूर्तीचं गणित ज्या चार-पाच जणांनी मांडलं त्यांतल्या त्या एक. समोर प्रणाली उभी होती. बसा म्हटलं तरी ती बसेना. तिचा नवरा हर्षल मंगळवारी पहाटे एकटाच फायबरची होडी घेऊन जाळी ओढायला गेला होता. आठ वाजता वादळ उठलं आणि संस्थेचा मनोरा आडवा झाला. त्यामुळे किनाऱ्यावरून होड्यांना काही सांगण्याची सोयच उरली नाही. बाकीच्या होड्या दुपारपर्यंत परत आल्या, हर्षलची आली नाही.

"तुम्ही किती वाजता ऐकलंत?" शमीमबाईंनी विचारलं.

"अकरा चाळीसला. मी वर सड्यावर गेले व्हते, उंचावर पकडतं म्हणून. सोळा मिनटं बोलले ते. जुन्या बंदराच्या तोंडाशी हाय, चार वाव पाणी हाय, वारा पडला की येतो, काळजी करू नको."

वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी. कोकणातले मच्छीमार समुद्राची खोली अजूनही वावांतच सांगतात.

शोधनौका तिच्या या सांगण्यावरून दक्षिणेला जुन्या बंदराकडे गेली आणि दिवस मावळेपर्यंत तिथे फिरली. होडी नव्हती, होडीचं फळकूटही नव्हतं. आज दुपारनंतर पुन्हा वारा चढणार होता. त्याआधी नौकेला एकच फेरी जमणार होती, आणि कप्तानाने संस्थेला निरोप धाडला होता की आधी त्या बाईंचा स्कॅनर तपासून घ्या, मग दिशा सांगा.

शमीमबाईंनी तपासायला सुरुवात केली. बॅटरी ठीक होती. अँटेना घट्ट बसलेली होती. चॅनेलची यादी उघडली तर पन्नासपैकी एकोणपन्नास वगळलेली, फक्त हर्षलच्या होडीचा चॅनेल चालू.

"बाकीचे का बंद केलेत?"

"बाकीच्यांशी मला काय करायचंय?"

मग त्यांनी स्क्वेल्च पाहिला आणि त्या थांबल्या. स्क्वेल्च हा स्कॅनरचा उंबरठा. त्याच्या खालची दुबळी लहर आत घ्यायची नाही, तेवढा वेळ गप्प राहायचं, असं त्याचं काम. प्रणालीच्या स्कॅनरचा उंबरठा शून्यावर होता.

"हे कोणी केलं?"

"आमच्यात सगळ्याच करतात," प्रणाली म्हणाली. "घरचं माणूस दर्यात असताना खारशेतात कोण दार लावत नाय. पूर्वी घराचं लावत नव्हते, आता स्कॅनरचंपण नाय लावत. होड्यांवरच्या सेटचंपण आमची माणसं तसंच उघडं ठेवतात. लांबची हाक आली नि ह्यानं गाळून टाकली तर?"

शमीमबाईंनी कपाळाला हात लावला. वीस वर्षांत त्यांनी शंभर चाचण्या घेतल्या होत्या, पण दार उघडं ठेवणाऱ्या गावाची चाचणी घ्यायचं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"प्रणालीताई, नीट ऐका. उंबरठा शून्यावर असला की हवेतली नुसती खरखरही आत येते. ढगातली वीज, वाऱ्यात हलणाऱ्या तारा, काहीही. खरखरीत चुकून एखादा तुकडा हर्षलभाऊंच्या आवाजासारखा निघाला, तर यंत्राला वाटतं की ते बोलताहेत आणि बाकीचं आपल्याला भरायचं आहे. मग ते भरत सुटतं. बारीक अक्षरात छापलंय ते हेच."

"म्हणजे?"

"त्या सोळा मिनिटांतली किती मिनिटं त्यांची होती ते बघायला हवं."

प्रणाली आता बसली. "मॅडम, पंधरा वर्षं संसार केला मी त्यांच्याशी. मला माझ्या नवऱ्याचा आवाज कळत नाय?"

"आवाज त्यांचाच आहे. बोलणारे ते आहेत का, एवढाच प्रश्न आहे."

सुदैवाने स्कॅनर आलेल्या लहरी दोन दिवस जशाच्या तशा साठवून ठेवायचा. शमीमबाईंनी स्वरपूर्ती बंद केली आणि ती कच्ची नोंद सुरू केली. खोलीत खरखर भरली. प्रणालीने असला आवाज लहानपणानंतर ऐकलाच नव्हता. मिनिटभर काहीच नाही. मग खोल विहिरीतून यावा तसा, चिरका, घाबरा आवाज आला. "इंजिन बंद..." पुन्हा खरखर. "...नांगर टाकलाय. अकरा वाव..." आणि त्यानंतर चौदा मिनिटं नुसती खरखर.

प्रणालीने तीनदा ऐकलं. तिला ते चौदा मिनिटांचं काळजी करू नको आठवत होतं. त्यात त्याने मुलीची परीक्षा विचारली होती, सासूच्या गुडघ्याचं विचारलं होतं. ते सगळं नुसत्या खरखरीतून आलं होतं हे तिला पटेना, आणि तिला रडू फुटलं.

"पण चार वाव म्हणाले ते," ती म्हणाली. "मी माझ्या कानानं आयकलं."

"अकरा म्हणाले. यंत्राने त्याचे चार केले. गेल्या पंधरा वर्षांत नांगर टाकला असं ते किती वेळा बोलले असतील, आणि दर वेळी घरी येताना, जुन्या बंदराच्या तोंडाशी, चार वावात. त्यामुळे अकरा हे यंत्राला चुकीचं वाटलं. माणूस नेहमी काय बोलतो तेवढंच त्याला माहीत असतं हो. संकटातला माणूस नेहमीचं बोलत नाही."

"तुम्हाला खात्री हाय?"

"नाही," शमीमबाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलणं जड गेलं असतं, म्हणून खरं सांगितलं. "अकरा हासुद्धा खरखरीतला भास असू शकतो. माझ्या मते दहात आठ वेळा तो खरा आहे. पण अकरा वाव म्हणजे कुठे, ते मला सांगता येणार नाही."

प्रणालीला ते सांगता येत होतं. अकरा वावाचा पट्टा किनाऱ्याला समांतर कोसभर लांब, पण त्यात सगळा रेंदा, पातळ चिखल. रेंद्यात नांगर धरत नाही. धरतो तो एकाच जागी, वायव्येला, जिथे बुडालेली मालवाहू आगबोट आहे. तिच्या लोखंडात नांगर अडकतो म्हणून एरवी कोणी तिथे फिरकत नाही. इंजिन बंद पडलेला माणूस मात्र मुद्दाम तिथेच अडकवील.

फोनवर कप्तान वाट पाहत होता. जुन्या बंदराच्या पुढे अजून शोधायचं की वायव्येला वळायचं? दोन्ही जमणार नव्हतं. एका बाजूला नवऱ्याच्या तोंडचं सोळा मिनिटांचं स्वच्छ बोलणं, दुसऱ्या बाजूला खरखरीतले चार-पाच शब्द. प्रणालीने फोन घेतला.

"आगबोटीवर जावा," ती म्हणाली. "मी काल चुकीचं सांगितलं."

दुपारी दोन वाजता हर्षल सापडला. होडी अर्धी पाण्याने भरलेली, तो तिच्या काठाला दोरीने स्वतःला बांधून बसलेला. चारपर्यंत त्याला धक्क्यावर आणलं. ओठ फुटले होते, हातांची सालं निघाली होती, पण शुद्धीवर होता. प्रणालीने त्याच्या तोंडावरून, दंडावरून, पाठीवरून हात फिरवला, आणि मग लोकांदेखत त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. सगळे हसले.

शमीमबाई जरा मागे उभ्या होत्या. त्यांच्या हातात कागद होता. किनाऱ्यावरच्या आणि होड्यांवरच्या सगळ्या सेटमधली स्वरपूर्ती ताबडतोब बंद करावी, असा अर्ज त्यांनी दुपारीच लिहून काढला होता, स्वतःच्या वीस वर्षांच्या कामाविरुद्ध. साक्षीदार म्हणून प्रणालीची सही हवी, हे त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं.

हर्षलला चहा पाजल्यावर तो बोलू लागला.

"तुझ्यामुळं राहिलो मी," तो म्हणाला. "काल संध्याकाळी माझा धीर सुटला व्हता. दिवे दिसत व्हते लांब. म्हटलं पोहत जाऊ, मरायचंय तर हातपाय हलवून मरू. दोरी सोडली पण व्हती. तेवढ्यात सेटवर तू बोलाया लागलीस."

प्रणालीने त्याच्या हातातला कप काढून खाली ठेवला.

"होडी सोडू नका म्हणालीस. दोरी बांधा म्हणालीस. नि मग बोलतच राहिलीस, बॅटरी संपेपर्यंत. एरवी संस्थेच्या सेटवरनं रोज पाच मिनटांत आटपतेस, डाळ संपली, बिल आलं, पोरगी आयकत नाय. काल कशी सावकाश बोलत व्हतीस. रागावली नायस एकदापण."

प्रणालीने शमीमबाईंकडे पाहिलं. मनोरा अजून तसाच आडवा पडलेला होता. स्कॅनरला तर नुसतं ऐकताच येतं, त्याला बोलायचं बटण नसतं. आणि काल संध्याकाळी ती याच धक्क्यावर उभी राहून जुन्या बंदराकडे गेलेल्या शोधनौकेची वाट पाहत होती.

"तूच व्हतीस ना?" तिचा चेहरा पाहून हर्षलने विचारलं.

"मग दुसरी कोण असणार?" ती म्हणाली. "चला, गाडी उभी हाय. डॉक्टरला दाखवायचंय."

तो गाडीत बसल्यावर ती शमीमबाईंकडे आली. बाईंनी कागद घडी करून पिशवीत टाकायला घेतला होता.

"आणा," प्रणाली म्हणाली. "मी सही करते. नायतर पुढच्या वेळी दुसरं कोणतरी चार वावात शोधत बसंल."

तिने सही केली. पेन परत दिलं, पण हलली नाही.

"त्या होडीच्या सेटमध्ये पण नोंद असंल ना, मॅडम? काल संध्याकाळी मी काय बोलले त्याची?"

"असेल. सेट वाळला तर निघेल, स्वरपूर्ती लावून ऐकता येईल."

"मग ती मला आयकवा," प्रणाली म्हणाली. "आता ते बंद होणार. ह्यापुढं ते सगळं मला बोलावं लागंल."