आज किती खचलं?

सांगतो, पण मधे हसायचं नाही. माझ्या साडूची गोष्ट आहे, ऐकीव नाही. गेल्या वर्षी एका बुधवारी, रात्री पावणेबाराला, तो बंदरावरच्या ऑफिसात एक वही आणायला गेला.

साडू बंदर वाढवायच्या कामावर सुपरवायझर. समुद्रात भिंत घालत होते आणि तळाला नुसता मऊ चिखल. अशा जागी दगडाचा एक थर टाकायचा, चिखल दबून घट्ट होईपर्यंत थांबायचं, आणि भिंत किती खचली ते रोज ओहोटीला चालत जाऊन मोजायचं. साडूला त्या चिखलाच्या कुजक्या वासाची किळस. हा पठ्ठ्या पंख्याखाली बसून वहीत आकडे ठोकायचा. काल चार मिलिमीटर, आजही चार. चिखल घट्ट झाला म्हणून साहेब खूश. पुढचा थर लवकर टाकला, भिंत घसरली आणि एक डंपर ड्रायव्हरसकट चिखलात गेला. बिचाऱ्याचं प्रेतसुद्धा मिळालं नाही.

सकाळी चौकशी होती. खरं बोलावं तर तुरुंग. खोटं बोलावं तर सगळं खापर मेलेल्यावर, त्यानंच डंपर कडेला नेला म्हणून.

वही हातात घेतली आणि वास आला. तोच. खिडक्या तर बंद होत्या. मग डंपर मागे घेतानाचा आवाज... पीं... पीं... बाहेर गाडी नव्हती. आवाज फरशीखालून येत होता.

मग आवाज थांबला.

दारात कोणीतरी उभं होतं. नाकातोंडातून काळा चिखल गळत होता. शी!

"साहेब, आज किती खचलं?"

साडूनं वही छातीशी धरली.

"खरं सांगा."

टप... टप... चिखल फरशीवर पडत होता.

"चार," साडू म्हणाला.

तो ड्रायव्हर वळला आणि निघून गेला.

सकाळी चौकशीतही साडूनं तेच सांगितलं, मान वर करून. सुटला. ड्रायव्हरच्या बायकोपोरांच्या कपाळी मात्र कायमचा डाग. जनाची नाही तर मनाची तरी ठेवावी माणसानं! नात्यातला आहे, पण त्याच्या पंगतीला बसायची मला किळस येते.

त्याच रात्री मेहुणीचा फोन आला, असाल तसे या. गेलो. साडू भिंतीशी उकिडवा बसून रडत होता, तेव्हाच त्यानं हे सगळं ओकलं. मेहुणीनं पलंगाकडे बोट दाखवलं. साडू झोपायचा त्या बाजूचे पलंगाचे दोन पाय फरशीत वीतभर खाली गेले होते. मी वाकून हात फिरवला. फरशीला साधा तडाही नव्हता.