नैर्ऋत्येचा कोपरा

टोर्नाडोचा भोंगा वाजला की कॅन्ससमधली शहाणी माणसं तळघर गाठतात आणि नैर्ऋत्येचा कोपरा धरून बसतात. एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यात, लॉरेन्स गावी, मार्ला पेनर एका काखेत उशी आणि दुसऱ्या हातात पीनट बटरची बरणी घेऊन भाड्याच्या घराच्या तळघरात धावत उतरली. पाहते तर तो कोपरा आधीच भरलेला. एक जाडजूड गृहस्थ ड्रम बडवत होता, आणि पावसाने केस कपाळाला चिकटलेला एक उंच पोरगा डोळे मिटून गिटार वाजवत होता.

"भोंगा ऐकू येत नाही का तुम्हाला?" मार्ला ओरडली.

पोराने डोळे उघडले. "येतोय की. थोडा बेसूर आहे."

"वर छप्पर उडायची वेळ आलीय!"

"म्हणून तर खाली वाजवतोय." तो जरासा सरकला. "बस इथे. ते बरणीतलं... सगळ्यांसाठी आहे?"

"अजिबात नाही," मार्ला म्हणाली, आणि बरणी त्याच्यापुढे धरली.

त्याचं नाव ड्रू, त्याच घरातला नवा भाडेकरू. ड्रम बडवणारा हँक. दिवसा तो लोकांची छपरं शाकारायचा, त्यामुळे वादळ आलं की त्याची चांदीच. त्यांचा बास गिटारवाला बापाची शेती बघायला गावी निघून गेला होता आणि त्याची बास सोफ्यावर बेवारस पडली होती. ड्रूने ती उचलून सरळ मार्लाच्या मांडीवर ठेवली.

"मला येत नाही हं."

"आम्हाला तरी कुठे येतंय? इथे बोट ठेव... इथे नाही, इथे." त्याने तिचं बोट धरून तारेवर दाबलं आणि मग सोडायला विसरला. तार कचकन रुतली, पण मार्लाने काही बोट काढलं नाही. वादळ उत्तरेला सरकलं, कुणाचीतरी शेड घेऊन गेलं. भोंगा कधी थांबला ते तिघांनाही कळलं नाही.

बँडचं नाव मग 'साउथवेस्ट कॉर्नर' पडलं. दुसरं काय पडणार?

पुढची दोन-तीन वर्षं एका खटारा व्हॅनमध्ये गेली. ओमाहा, डेस मॉइन्स, मॅडिसन... जिथे कॉलेज तिथे एखादा बार, आणि जिथे बार तिथे कुणाच्यातरी हॉलमधल्या गालिच्यावर झोपायची सोय. मार्ला गाडी चालवायची आणि ड्रू शेजारी नकाशा उलटा धरून बसायचा.

"डावीकडे."

"ड्रू, डावीकडे तळं आहे."

"मग किती छान. तळ्याकाठी थांबू थोडं."

असं गमतीचं बोलायला त्याला कधी काही वाटायचं नाही. पण मनातलं काही बोलायची वेळ आली की स्वारी मुकी! आई आजारी पडली तेव्हा फोन हातात घेऊन नुसता श्वास घेत उभा राहिला होता हा. आणि तोच माणूस माईकसमोर गेला की काळीज काढून लोकांच्या हातावर ठेवायचा. मार्लाला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं. वेडी होती, दुसरं काय.

आयोवातल्या एका पेट्रोल पंपावर ते दोघं पावसाची उघडीप बघून व्हॅनच्या गरम बॉनेटवर बसले होते. हँक आत कॉफी आणायला गेला होता. एकच सँडविच दोघांत. मागच्या आठवड्यात ड्रू घरी, आईकडे, राहून आला होता. मार्लाने कितीतरी दिवस घोळवलेलं शेवटी बोलून टाकलं.

"तू नसलास ना ड्रू... की घर उगाच मोठं वाटतं. मला एवढं मोठं घर नकोय."

त्याने सँडविच खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "पुन्हा म्हण ना."

तिचे कान तापले. पण तिने पुन्हा म्हटलं. त्याने तिचा हात हातात घेतला. दुसऱ्या हाताची बोटं मात्र पत्र्यावर टकटक करत होती, एका लयीत. बिचारा घाबरलाय, मार्लाला वाटलं. बोलेल. आज नाही तर उद्या बोलेल.

तो बोलला नाही, गायला. घरी परतल्यावर तळघरात त्याने नवं गाणं काढलं, 'मोठं घर', आणि त्यात तिचे शब्द जसेच्या तसे, त्याच्या तोंडी. बोटं घाबरून नव्हती वाजत, मात्रा मोजत होती!

"झकास!" हँक म्हणाला.

मार्ला वाट बघत उभी. ड्रू तिच्याकडे वळला. "मार्ला..."

"काय?"

"दुसऱ्या कडव्याला बास जरा उशिरा घेशील?"

आणि तिने घेतली हो उशिरा. वर त्याच्यासोबत एका छताखाली राहिली, त्याचे मोजे धुतले, त्याच्या कुशीत झोपली. तो प्रेमाने वागायचा, खोटं कशाला बोला. पण तिच्या त्या वाक्याला उत्तर काही आलं नाही. उलट ते गाणंच गाजलं. गावोगावच्या पोरी रडत ते गायच्या आणि नंतर ड्रूला येऊन सांगायच्या, किती हळवा आहेस रे तू.

मिनियापोलिसच्या एका रेडिओ केंद्रावर मुलाखत घेणाऱ्या बाईने विचारलं, "हे गाणं कुणासाठी?"

मार्ला शेजारच्याच खुर्चीवर होती. ती ड्रूकडे वळली.

"कुणासाठी असं नाही," ड्रू हसून म्हणाला. "गाडी चालवताना सुचलं."

गाडी म्हणे! गाडी तर आयुष्यात कधी चालवली नव्हती त्याने. मार्ला बाहेर आली, बास व्हॅनमधून काढली आणि बस पकडून घरी गेली. तो दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत आला, दारात उभा राहिला, आणि परत गेला. वर्षभरात बँड मोडला.

मग मार्लाने ते घर सोडलं, गावाबाहेर एक छोटं घर घेतलं, शाळेत मुलांना संगीत शिकवू लागली. केस पिकले. आणि एक दिवस हँकचा फोन. आपली जुनी रेकॉर्ड नव्याने निघतेय, गावच्या बागेत दुपारचा एकच कार्यक्रम, येतेस का?

ती गेली. कशाला, तर त्या उत्तरासाठी. इतक्या वर्षांनीही!

"अजून उशिरा घेतेस का ग बास?" ड्रूने तारा जुळवताना विचारलं.

"तू अजून नकाशा उलटा धरतोस का?"

तो हसला, आणि मार्लाला तळघरातला तो ओल्या केसांचा पोरगा पुन्हा दिसला. तिला स्वतःचा राग आला.

'मोठं घर'च्या आधी ड्रू माईकजवळ गेला. "हे शब्द माझे नव्हते," तो म्हणाला. "मार्लाचे होते. मी तिला तेव्हा उत्तर दिलं नाही. मार्ला, माझं तुझ्यावर प्रेम होतं. आहे." सगळी बाग उठून उभी राहिली. लोकांनी फोन उंच धरले. मार्लाचे डोळे भरून आले, बोटं मात्र बरोबर जागी पडत राहिली.

नंतर सामान भरताना व्हॅनपाशी दोघंच उरले. बागेत ऊन होतं, पोरं झोक्यावर ओरडत होती.

"ड्रू, मघाचं ते... आता म्हण."

"म्हटलं ना. सगळ्यांसमोर म्हटलं."

"मला म्हण. इथे कुणी नाही."

त्याने तोंड उघडलं. मान खाली घातली. "पुन्हा सांग ना," तो पुटपुटला, "तू काय म्हणालीस? मला म्हण, इथे कुणी नाही...?" आणि त्याची बोटं व्हॅनच्या पत्र्यावर टकटक करू लागली.

मार्लाने त्या बोटांवर तळवा ठेवला आणि ती थांबवली. किती जून झाली होती ती बोटं.

"राहू दे," ती म्हणाली. "याचंही गाणं करशील."

बास खांद्याला लावून ती घरी आली. दार उघडून आत पाऊल टाकलं, दिवा लावला. घर होतं तेवढंच होतं.