पेस्ट कोण पुसतं?

हे ज्याच्याबरोबर घडलं तो हितेंद्र माझा सख्खा साडू. धुळ्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, आणि माणसांवर तर त्याहून नव्हता. पेट्रोल भरताना मीटरवरची नजर न काढणारा गडी! असा माणूस हे सांगताना दोनदा उठून दार बघून आला. तुम्हाला पटो न पटो, मी ऐकलं तसं सांगतो.

गेल्या वर्षीचा मे महिना. जळगावच्या बाहेर एक केळी पिकवायचं चेंबर.

रात्र नव्हती बरं का. टळटळीत दुपार होती. कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं.

चेंबर म्हणजे जाड पत्र्याची बंद खोली. कच्ची केळी आत भरायची, बाहेरून कडी लावायची, मग गार हवा आणि पिकवायचा गॅस सोडायचा. हे सगळं ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर चालायचं. तो कॉम्प्युटर तापून बंद पडत होता. तो बंद पडला की गॅसही बंद. म्हणून मालक अर्हमशेठने हितेंद्रला बोलावलं.

पहिल्या खेपेला दोष सरळ होता. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारा एक धातूचा ठोकळा बसवतात, त्याला हीटसिंक म्हणतात. दोघांच्या मध्ये राखाडी थर्मल पेस्ट लागते. ती वाळून पापडी झाली होती. हितेंद्रने ती खरवडली, स्पिरिटने पुसलं, तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवून स्क्रू आवळले. तापमान झटक्यात उतरलं. चहा पिऊन गडी धुळ्याला परत.

आठवडा गेला नाही तोच फोन. "भाऊ, परत तेच!"

त्याने जाऊन उघडलं...

पेस्ट नव्हती.

वाळलेली नाही, ओघळलेली नाही. नव्हतीच! प्रोसेसर आणि हीटसिंक, दोन्ही धुतलेल्या ताटासारखे लख्ख.

"तुम्ही लावलीच नव्हती," अर्हमशेठ म्हणाला. "नुसते स्क्रू फिरवून गेलात. परत असं झालं ना, तर जळगाव-धुळ्यात एक दुकान तुम्हाला काम देणार नाही. माझी ओळख कुठवर आहे, माहितीये ना?"

हितेंद्रला ते फार झोंबलं. वीस वर्षं राबून कमावलेलं नाव, आणि हा कालचा पोरगा चोर ठरवतो! पण त्याचा संशय दुसरीकडेच होता. वॉचमन पुनाआबा. ऑफिसची किल्ली त्याच्याकडे. म्हातारा नजरेला नजर देत नव्हता.

'बघतोच तुला,' हितेंद्र मनात म्हणाला. त्याने दुसऱ्या कंपनीची पेस्ट लावली, पंखा तपासला, धूळ उडवली. मग कॅबिनेटच्या झाकणावर स्वतःच्या सहीची कागदी पट्टी चिकटवली. झाकण उघडलं की पट्टी फाटणार.

तिसरा फोन आला.

पट्टी जशीच्या तशी. एक कोपरासुद्धा उचललेला नाही.

आत पेस्ट... गायब.

हितेंद्रने पट्टीवरची स्वतःची सही दोनदा तपासली. तरी संशय काही सुटेना. म्हणाला, "शेठ, आज तुमच्या डोळ्यांसमोर लावतो. आणि इथून हलत नाही."

सकाळीच चेंबर भरून कडी लावलेली होती. हितेंद्रने पेस्ट लावली, अर्हमशेठने वाकून बघितली. कॉम्प्युटर सुरू झाला. तापमान अगदी बेताचं. गॅस सुटला.

आणि मग...

ठक.

ठक... ठक.

चेंबरच्या दारावर. आतून.

"आत कोण आहे?" हितेंद्र दचकला.

"पत्रा आहे, भाऊ. गारव्याने वाजतो." अर्हमशेठने मोबाइलमधून डोकंसुद्धा वर केलं नाही.

हितेंद्र बाहेर पुनाआबाकडे गेला. म्हातारा चेंबरच्या दाराकडे पाठ करून बसला होता.

"आबा, खरं सांगा. काय वाजतंय?"

पुनाआबा हळूच त्याच्या अहिराणीत म्हणाला, "भिकन शे तो. रोजनाच शे. ध्यान देऊ नका, भाऊ."

भिकन तिथला हमाल. आदल्या वर्षी केळीचे क्रेट लावता लावता आत राहिला आणि आतच गेला. पूर्वी तिथे एक पद्धत होती. कडी लावायच्या आधी पुनाआबा दारातून ओरडायचा, "आतमा कोन शे रे?" उत्तर आलं नाही की मगच कडी. पण कॉम्प्युटर आला आणि ती हाक बंद झाली. स्क्रीनवर दार लागल्याचं हिरवं दिसलं की झालं काम! भिकन आतून ठोकत राहिला, मशीनच्या घरघरीत कोणाला ऐकूच आलं नाही.

तेव्हापासून चेंबर सुरू झालं की ठोकणं सुरू. कॉम्प्युटर बंद पडला की ठोकणं बंद. सगळ्यांना सवय झाली होती. ऐका तरी, सवय!

तेवढ्यात फाटकातून एक बाई आली. हातात डबा.

"आबा, आमचे हे कुठे आहेत? फोन उचलत नाहीत. सकाळी चहासुद्धा न पिता आलेत."

ती प्रज्ञा. इथेच हमाली करणाऱ्या प्रशीलची बायको.

"टपरीवर असेल," अर्हमशेठ आतूनच ओरडला.

"टपरीवरून तर आले मी. तिथे नाहीत."

हितेंद्रने पुनाआबाकडे बघितलं. म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आबा, आज कडी कोणी लावली?"

"मीच, भाऊ."

"हाक मारली होती?"

पुनाआबाने मान खाली घातली.

ठक... ठक... ठक.

हितेंद्र ऑफिसात शिरला. "शेठ, दार उघडा!"

"वेड लागलंय का? एवढा माल वाया जाईल. त्या कडीला हात लावलात, तर तुमचं दुकान बंद झालं म्हणून समजा!"

हितेंद्र जागच्या जागी थिजला. आत भिकनच असला तर? पत्राच असला तर? उद्या बायकापोरांना काय सांगायचं?

आणि स्क्रीनवर प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा चढायला लागला. साठ... ऐंशी... पंचाण्णव...

कॉम्प्युटर बंद. गॅस बंद.

आता ठोकणं थांबायला हवं होतं.

थांबलं नाही.

"आज थांबत नही..." पुनाआबा ऑफिसच्या दारात येऊन पुटपुटला, आणि हितेंद्र धावला. त्याने कडी उपटून काढली.

दारात कोणी नव्हतं.

प्रशील पार मागच्या कोपऱ्यात, क्रेटच्या आड पालथा पडला होता. प्रज्ञाने किंकाळी फोडली. हितेंद्र आणि पुनाआबाने त्याला ओढत बाहेर उन्हात आणलं. छाती हलत होती. जीव होता! वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचला.

संध्याकाळी हितेंद्र हत्यारं न्यायला परत आला, तेव्हा त्याने कॅबिनेट उघडून बघितलंच. पेस्ट नव्हती. त्या भट्टीसारख्या ऑफिसात हीटसिंक मात्र बर्फासारखा गार होता.

पुढे तो प्रशीलला भेटायला गेला. म्हणाला, "शाबास गड्या, ठोकत राहिलास म्हणून वाचलास."

प्रशील त्याच्याकडे बघतच राहिला.

"मी कुठे ठोकलं, भाऊ? चक्कर आली आणि मागेच पडलो. दारापर्यंत पोहोचलोच नाही. ठोकण्याचा आवाज मलाही येत होता... वाटलं, कोणीतरी बाहेरून ठोकतंय."

अर्हमशेठने बोलल्याप्रमाणे केलं. हितेंद्रची बरीच गिऱ्हाइकं तुटली. त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. पण जिवाला चैन पडेना, म्हणून दिवाळीनंतर त्याने पुनाआबाला फोन लावला.

"नवा कॉम्प्युटर लई भारी शे," पुनाआबा म्हणाला. "एकदाबी तापना नही."

"आणि ते ठोकणं?"

"बंद शे. बठ्ठं शांत शे, भाऊ."

"हाक मारता ना आता?"

पलीकडून नुसता मशीनचा आवाज येत राहिला.

"आबा... मग आता आत कोणी राहिलं तर?"

पुनाआबाने फोन ठेवला.

हितेंद्रने मला तोच प्रश्न विचारला. मी चहा मागवला आणि विषय बदलला.